आधी टार्गेट नको, तिच्याकडे बघ

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. तुझ्या खोलीवरची ती साताऱ्याची पोरगी महिनाभर दर रविवारी तुझ्याबरोबर एअर पिस्तूल शिकायला शूटिंग रेंजवर येते आणि परवा ती पिस्तूल टेबलावर ठेवून रडली, हे ऐकून वाईट वाटलं. "आई, मी तिला सगळं सांगते गं, तरी गोळ्या खाली डावीकडेच जातात," असं तू म्हणालीस. त्यातलं 'सगळं सांगते' माझ्या डोक्यातून जाईना. एकेकाळी मीही तुला सगळंच सांगायचे.

आठवतं का तुला? तू चौदा वर्षांची होतीस. तेव्हा मुलींना मॅचला ४० गोळ्याच असायच्या, २०१८ पासून ६० झाल्या. आपल्या रेंजवर कागदाची टार्गेटं होती. गोळी मारली की बटण दाबायचं आणि तारेवरून कार्ड घरघरत आपल्याकडे यायचं. ते अर्ध्या वाटेवर असतानाच मी मागच्या खुर्चीवरून मान उंच करून बघायचे. एकदा दहापैकी सहाच गुण लागले आणि माझ्या तोंडून 'च्च' निघालं. तू मागे वळून बघितलंस, पिस्तूल खाली ठेवलंस आणि दहा मिनिटं उचललंच नाहीस. घरी येताना गाडीवर पाठीमागून म्हणालीस, "आई, तू कार्डाकडे बघितलंस की मला मानेवर कळतं." ते मला फार लागलं होतं. पुढे त्रेचाळिसाव्या वर्षी मी स्वतः हातात पिस्तूल घेतलं, तेव्हा त्याचा अर्थ कळला.

म्हणून सांगते. पुढच्या रविवारी तू गोळी कुठे लागली ते दाखवणाऱ्या मॉनिटरकडे पाठ करून उभी राहा. फायरिंग लाईनच्या मागेच, पण तिच्या डाव्या अंगाला, म्हणजे तिचा चेहरा आणि ट्रिगरवरचं बोट दोन्ही दिसतील. गोळी कुठे गेली ते टार्गेट सांगतं, का गेली ते शिकणाऱ्याच्या अंगावर दिसतं. डोळा मिटतोय का, खांदा कानाकडे चढतोय का, गोळी सुटायच्या आधी मनगट मोडतंय का. दहा गोळ्या नुसतं बघ. एक शब्द बोलू नकोस.

उजव्या हाताच्या नवख्या माणसाच्या गोळ्या खाली डावीकडे जातात, त्याचं नेहमीचं कारण तुला माहीत आहे. बोट एकट्यानं मागे येत नाही, सगळी मूठ आवळली जाते. समोर नेम छान जमलेला दिसतो, मन म्हणतं 'आता, आता', आणि हात झटका देतो. पण हे तिला तोंडानं सांगून पटणार नाही, तिला स्वतःला दिसायला हवं. त्यासाठी मला जे करायला लावलं होतं तेच कर. पिस्तूल तू भर, नळी टार्गेटकडेच ठेवून टेबलावर ठेव, मग ती उचलेल. दहापैकी तीन-चार वेळा छर्रा, म्हणजे एअर पिस्तुलाची गोळी, घालूच नकोस आणि घातला की नाही हे तिला कळू देऊ नकोस. रिकाम्या पिस्तुलानं नुसताच 'टक' आवाज येतो आणि पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरायची पट्टी, खाली बुडताना तिचं तिलाच दिसतं. माझी बुडाली होती तेव्हा मी खजील झाले, पण दोन आठवड्यांत हात शांत झाला. आधी महिनाभर ऐकलेल्या सूचनांनी ते झालं नव्हतं.

दुसरी गोष्ट डोळ्याची. ती नक्कीच टार्गेटकडे बघत असणार, सगळेच बघतात. तिला एकदा हिशेब मांडून दाखव. पिस्तुलाच्या मागच्या आणि पुढच्या साईटमध्ये अंतर साधारण ३३ सेंटीमीटर. पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर गोळी सुमारे ३० मिलिमीटर सरकते. म्हणजे मधोमध जाणारी गोळी थेट ७ गुणांच्या वर्तुळात. आणि हात सरळच्या सरळ, साईट न बिघडता, १ मिलिमीटर हलला तर टार्गेटवरही तेवढाच फरक, दहाच लागतो, कारण दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं आहे. हे कळलं की हात थरथरतोय म्हणून घाबरणं थांबतं. हात सगळ्यांचाच हलतो. साईट स्वच्छ दिसली पाहिजे, टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं.

पण हिशेब कळला तरी डोळा टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलाकडे धावतोच. म्हणून टार्गेटचं कार्ड उलटं लाव. पांढरं कोरं. त्यावर ना आकडे, ना काळं, त्यामुळे डोळ्याला साईटशिवाय बघायला काही उरत नाही. तुमच्याकडे इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर त्याच्यावर कोरा कागद चिकटवायच्या भानगडीत पडू नकोस, रेंजवाल्यांकडे एखादी कागदाची लेन माग. कोऱ्या कार्डावर तिच्या गोळ्या जवळजवळ पडायला लागल्या की झालं. जवळजवळ पडणं आधी, मधोमध पडणं नंतर. गोळ्यांचा असा ग्रुप जमायच्या आत नेम सरकवायचे साईटचे स्क्रू फिरवू नकोस. एक गोळी डावीकडे गेली की स्क्रू उजवीकडे, मग दुसरी उजवीकडे गेली की परत डावीकडे, असं करणारी माणसं मी रेंजवर संध्याकाळ घालवताना बघितली आहेत. घरी जाताना त्यांना आपली चूक कुठली आणि स्क्रूची कुठली हेच कळत नाही.

हो, आणि पिस्तूल खाली घ्यायला शिकव. हे मला सगळ्यांत उशिरा जमलं. वर नेऊन सात-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर श्वास कमी पडतो, डोळा थकतो, आणि मग 'एवढं धरलंय तर मारूनच टाकू' असं होतं. ती गोळी वाया जाते. ६० गोळ्यांना ७५ मिनिटं असतात, म्हणजे एकीला सव्वा मिनिट. घाई कसली? तिनं न मारता पिस्तूल खाली घेतलं की त्याच वेळी तिचं कौतुक कर. दहा लागल्यावर गप्प राहिलीस तरी चालेल.

रडली त्याबद्दल तिला समजावत बसू नकोस. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलची, पॅरिसमधली १ ऑगस्ट २०२४ ची ऑलिंपिकची रायफल फायनल तिला दाखव. नीलिंग, म्हणजे गुडघ्यावर बसून मारायचं, संपलं तेव्हा स्वप्नील कुसाळे सहावा होता, प्रोननंतर, म्हणजे पालथं पडून मारल्यावर, पाचवा, आणि उभं राहून मारायच्या स्टँडिंगला तिसरा आला. ४५१.४ गुण आणि कांस्य. आपण सगळे टीव्हीसमोर उभे होतो, तुझ्या आजीनं तर देवापुढे निरांजन लावून ठेवलं होतं. मी मात्र सगळा वेळ त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. सहावा असताना जसा होता तसाच तिसरा असताना. तिला तो चेहरा दाखव.

आणि एक विचारून घे, मला वाटतं ते तू विचारलंच नसशील. तिला हे कशासाठी करायचंय? तुला राज्य स्पर्धा खेळायची होती, मी त्यासाठी पहाटे उठत होते. पण मी स्वतः शिकले ती दुकान बंद केल्यावरचा एक तास डोकं शांत राहावं म्हणून. दिवसभर ब्लाऊजच्या मापांनी आणि गिऱ्हाइकांनी भरलेलं डोकं त्या एका तासात रिकामं होतं. मला आजही कुणी गुण विचारले तर सांगते, पण त्यासाठी जात नाही. ती पोरगीही तशीच असेल तर तू तिला स्पर्धेच्या मापानं शिकवू नकोस. नोकरीवरून दमून आलेल्या मुलीला रविवारी वीस गोळ्या नीट मारून घरी जावंसं वाटत असेल, तर तेवढं पुष्कळ आहे.

शेवटी पिस्तूल धरायच्या लाकडी मुठीचं. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. क्लबचं पिस्तूल म्हणजे दुसऱ्याच्या हाताची मूठ. मोठी असली की ट्रिगरवर बोटाचं नुसतं टोक पोचतं आणि मग ते सरळ मागे न येता बाजूला ढकलतं. तुझं तसंच होत होतं. सरांनी लाकडी मूठ कानशीनं घासली, जिथे कमी होती तिथे पुट्टी भरली, आणि तू हात घट्ट धरून बसलीस ती वाळेपर्यंत. तुझ्या बोटांचे ठसे अजून आहेत त्यात. ती मूठ माझ्या कपाटात, जुन्या साडीत गुंडाळून ठेवली आहे.

त्या मुलीला कागदावर उजवा हात पसरून ठेवायला सांग, पेन्सिलीनं कड काढ आणि फोटो पाठव. पिस्तूल कुठल्या कंपनीचं आहे तेही लिही. बसत असेल तर शनिवारी दादा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर मूठ, कानस आणि पुट्टीचा डबा पाठवते. क्लबच्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांच्या मुठीला कानस लावू नका.

जेवण वेळेवर घेत जा.

तुझी,
आई