लेबलांच्या गमबद्दल तक्रार: दोन्ही लॉट परत घ्यावेत

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
लेबल विभाग

विषय: बाटलीला न जुळणारा गम लावलेल्या लेबलांच्या दोन लॉटबाबत

महोदय,

मागच्या चार महिन्यांत तुमच्याकडून लेबलांचे दोन लॉट घेतले. दोन्ही वाया गेले, आणि दोन्ही वेळा कारण वेगळं होतं. फोनवर जे उत्तर मिळालं ते मला मान्य नाही, म्हणून आता लेखी कळवते आहे.

आम्ही हात धुण्याचा द्रव साबण बनवतो. बाटली एचडीपीईची (म्हणजे कडक पॉलिथिनची), गोल, ४० मिलिमीटर व्यासाची, दाबून साबण काढायची. लेबल कागदी. ते बाटलीला पूर्ण वळसा घालतं आणि त्याचं एक टोक दुसऱ्यावर ६ मिलिमीटर चढतं. हे सगळं आज लिहावं लागतंय, कारण ऑर्डर घेताना तुम्ही ते विचारलंच नाही. लांबी-रुंदी विचारलीत, रंग किती ते विचारलंत, रोल कुठल्या दिशेने सुटायला हवा तेही विचारलंत. बाटली कशाची, आत काय भरणार, ती ओल्या जागी राहणार की कोरड्या, यातला एकही प्रश्न तुमच्या फॉर्मवर नाही. फॉर्मची प्रत सोबत जोडली आहे.

पहिल्या लॉटची लेबलं लावल्या दिवशी ठीक दिसली. आठवडाभरात कडा उचलायला लागल्या. तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, बाटल्या तेलकट असतील, पुसून घ्या. आम्ही २०० बाटल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, पूर्ण वाळू दिल्या, २४ अंशांच्या खोलीत लेबलं लावली आणि प्रत्येक कड अंगठ्याने दाबत नेली. पाचव्या दिवशी त्यांच्याही कडा सुटल्या.

मग त्याच रोलमधलं एक लेबल काचेच्या बरणीवर लावलं, एक पुठ्ठ्याच्या खोक्यावर आणि एक आमच्या बाटलीवर. दुसऱ्या दिवशी तिन्ही सोलून पाहिली. खोक्यावरचं फाटलं. काचेवरचं निघताना कागदाचे तंतू मागे राहिले. बाटलीवरचं मात्र नखाने टोक उचलताच अख्खं निघून आलं. गमचा थर जसाच्या तसा लेबलाच्या पाठीवर होता आणि बाटलीवरून बोट फिरवलं तर कुठेही चिकट लागलं नाही. म्हणजे गम नासका नव्हता. त्याने बाटली धरलीच नव्हती.

पॉलिथिनची पृष्ठऊर्जा साधारण ३१ डाइन प्रति सेंटिमीटर असते. पीईटीची (पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकची) चाळिशीच्या पुढे जाते आणि काचेची त्याहून कितीतरी जास्त. पृष्ठऊर्जा जितकी कमी, तितका गम त्यावर पसरायला नाखूश. मेणावर पाण्याचे थेंब गोळा होतात तसं काहीसं. बाटल्या बनवणाऱ्याला विचारलं, तेव्हा फ्लेम ट्रीटमेंट, म्हणजे ज्योत फिरवून पृष्ठऊर्जा वाढवणं, केलेली नाही असं कळलं. ३८ डाइनच्या तपासणी पेनाने (पृष्ठऊर्जा तेवढी असेल तरच त्याची शाई पसरलेली राहते) बाटलीवर रेघ ओढली, तर शाई लगेच आक्रसून तिचे थेंब झाले. मिनिटभराची तपासणी आहे ही. मला ती आधी ठाऊक नव्हती हे मी कबूल करते. माझं काम साबणाचं आहे. पण लेबलं हेच ज्यांचं काम, त्यांनी एक बाटली मागवून घेऊन ती करायला हवी होती.

दुसरा लॉट देताना तुम्ही 'जास्त स्ट्राँग गम' देतो म्हणालात. माझ्या तक्रारीचं मूळ या शब्दातच आहे. गमचा जोर एकाच प्रकारचा नसतो. टेकवल्याबरोबर धरणं वेगळं, सोलताना विरोध करणं वेगळं, आणि सतत ताण असताना जागेवरून न सरकणं वेगळं. पहिला गुण वाढवला तर तिसरा बऱ्याचदा कमी होतो. तुम्ही दिलात तो रबर-आधारित हॉटमेल्ट, म्हणजे वितळवून लावलेला, गम. त्याचा पहिला चिकटपणा खरोखर उत्तम होता. लेबल तिरकं लागलं तर काढताच यायचं नाही. आम्हाला वाटलं, सुटलो.

तीन आठवड्यांनी गोदामात खोके उघडले. तिथे दुपारी तापमान ४० अंशांपर्यंत जातं. वळवलेल्या कागदाला सरळ व्हायचं असतं, त्यामुळे चढवलेल्या टोकावर दिवसरात्र ताण असतो. उष्णतेने मऊ झालेल्या गमने तो ताण सोसला नाही. सांधा दोन-तीन मिलिमीटर मागे सरकला होता आणि उघड्या पडलेल्या गमच्या पट्टीवर धूळ बसून प्रत्येक बाटलीवर एक काळी उभी रेघ उमटली होती. शिल्लक रोलच्या बाजूंनीही गम बाहेर आला होता. लेबलं सोडणाऱ्या यंत्राची पट्टी दर तासाला पुसावी लागली. साबणाचे ओघळ जिथे कडेपर्यंत पोचले होते, तिथे कागद फुगून लेबल बोटाने ढकललं तरी हलत होतं.

हे फक्त दिसण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. त्या लेबलावर घटकांची यादी, बॅच नंबर आणि वापरायची मुदत असते. एखाद्या सुगंधी घटकाची अ‍ॅलर्जी असलेली व्यक्ती ती यादी वाचून ठरवते की हा साबण घ्यायचा की नाही. लेबल गळून पडलेली बाटली माझ्या हातात परत आली, तेव्हा ती कुठल्या बॅचची हे मलाही सांगता आलं नाही. परत आलेल्या बाटल्यांवरची लेबलं आम्ही सहा जणींनी बसून खरवडली. हॉटमेल्टचा राहिलेला थर घासून काढताना निम्म्या बाटल्यांवर ओरखडे पडले, त्या टाकून द्याव्या लागल्या.

माझं म्हणणं असं आहे. दोन्ही लॉटची पूर्ण रक्कम परत करावी आणि बाद झालेल्या बाटल्यांचा खर्च द्यावा. नवीन लेबलं देणार असाल, तर आधी आमच्याच बाटलीवर चाचणी करा: कमी पृष्ठऊर्जेच्या प्लास्टिकसाठी बनवलेला अ‍ॅक्रिलिक गम, आणि कागदाऐवजी पॉलिथिन फिल्म, कारण दाबली जाणारी बाटली वाकते तशी फिल्मही वाकते, कागद सुरकुततो. अ‍ॅक्रिलिकची पकड हळूहळू चढते, म्हणून लावल्यावर २० मिनिटांनी आणि २४ तासांनी, १८० अंशांच्या कोनात (लेबल उलट मागे ओढत) सोलून, दोन्ही आकडे द्या. ताणाखाली गम किती वेळ टिकतो त्याचा आकडाही हवा, तोही ४० अंश तापमानाला. लेबल लावण्याचं किमान तापमान आणि वापराच्या तापमानाची मर्यादा लेखी हवी. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या आणि भरून दाबलेल्या बाटल्यांवरचा निकालही कळवा. यापुढे आम्हाला न विचारता गम बदलू नये.

चाचणीसाठी १२ रिकाम्या आणि १२ भरलेल्या बाटल्या या पत्रासोबत पाठवते आहे. सांधा सरकलेल्या चार बाटल्या वेगळ्या पिशवीत आहेत. त्यांवर कुठल्या रोलचं लेबल आहे ते मार्करने लिहिलं आहे. पहिल्या लॉटमधली सोललेली तीन लेबलं बॅकिंग पेपरवर लावून ठेवली आहेत, ती पाठ वर करून पाहावीत. १५ दिवसांत लेखी उत्तर मिळावं. तोपर्यंत तुमचे उरलेले २२ रोल आमच्याकडे वेगळे काढून ठेवले आहेत. ते उचलायला कधी येणार तेही त्याच उत्तरात कळवावं.

कळावे,
आपली ग्राहक
(द्रव साबण उत्पादक)

सोबत: ऑर्डर फॉर्मची प्रत, दोन्ही लॉटची बिलं, फोटो, नमुना बाटल्या