प्रश्नचिन्हं झालेली मराठी परत येत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाईत झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो, सोबत आजूबाजूच्या गावातल्या दोन-चार संस्थांच्या वेबसाइटचं कामही बघतो. मागच्या महिन्यात जे झालं ते लोकांपर्यंत जावं असं लई वाटलं म्हणून लिहायलोय.

एका गावच्या वाचनालयाची वेबसाइट आहे, तिच्यात एका पानावर सगळ्या पुस्तकांची यादी, कोणी कोणाच्या स्मरणार्थ कोणतं पुस्तक दिलं ते पण. तिथल्या पोराला फक्त फोन नंबर बदलायचा होता. त्यानं विंडोज ७ च्या जुन्या कॉम्प्युटरवर सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडच्या नव्या खिडकीत पेस्ट केला, नंबर बदलला अन् त्याच नावानं सेव्ह केलं, मधे इंग्रजीत सूचना आली की यातली युनिकोड अक्षरं, म्हणजे आपली मराठी, जातील, पण दिवसभर ओके दाबायची सवय, दाबलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष काकांचा फोन, "अहो, पानावर नुसती प्रश्नचिन्हं दिसायलीत की!"

जाऊन बघितलं तर अंबाजोगाई या शब्दाच्या जागी बरोबर नऊ प्रश्नचिन्हं, कारण काना, मात्रा, अनुस्वार हे सगळं कॉम्प्युटरच्या हिशोबात वेगवेगळं अक्षर. नंबर अन् इंग्रजी टॅग मात्र जशाला तसे. जुनं नोटपॅड नवी फाइल ॲन्सी नावाच्या जुन्या पद्धतीत सेव्ह करतं, तिच्यात मराठीला जागाच नाही, मग जे अक्षर बसत नाही तिथं प्रश्नचिन्ह पडतं अन् मूळ अक्षर फाइलीतून कायमचं जातं, कितीही मोठा इंजिनियर आणला तरी निघत नाही. पोराचा काय दोष, त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं. २०१९ पासूनच्या विंडोज १० मधलं नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ या मराठी बसणाऱ्या पद्धतीतच सेव्ह करतं, पण आपल्याकडं शाळा-सोसायट्यांमधे जुने कॉम्प्युटर अजून चालूच आहेत, तिथं सेव्ह ॲज मधे खाली एन्कोडिंगच्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीच्या, चौकोनात यूटीएफ-८ आपल्यालाच निवडावं लागतं.

याच्या उलट दुसरा प्रकार, अन् तिथं लोक हातानं नुकसान करून घ्यायलेत. पानावर डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग एक गोल खूण, मग आणखी एखादं चिन्ह, परत तसाच ए, अशी रांगच्या रांग दिसते. लोक म्हणतात व्हायरस आला अन् फाइल डिलीट करतात. अहो ती मराठी जिवंत आहे! यूटीएफ-८ मधे मराठीचं एक अक्षर तीन बाइटचं असतं, ते तीन तुकडे वेगवेगळे वाचले गेले की असं दिसतं. पुष्कळदा पानाच्या कोडमधे हेड नावाचा भाग असतो त्याच्या सुरुवातीला मेटा चारसेट यूटीएफ-८ ही एक ओळ टाकली की पान सरळ होतं. फाइल लिहायच्या प्रोग्राममधे, म्हणजे एडिटरमधेच, तसं दिसत असलं तर काही टाइप करू नका अन् सेव्ह तर बिलकुल करू नका, व्हीएस कोड या एडिटरमधे खाली उजवीकडं एन्कोडिंगचं नाव असतं त्याच्यावर क्लिक करून रीओपन विथ एन्कोडिंग घ्या. तशीच सेव्ह केली तर गुंता दुप्पट होतो, मग सोडवायला अर्धा दिवस जातो.

अजून एक बारीक गोष्ट सांगतो, माझ्या जिव्हाळ्याची आहे. शेतकऱ्यांचा हा शब्द काही कीबोर्डवर साध्या र ला हलन्त देऊन पुढं एक न दिसणारं जोडाक्षर चिन्ह टाकून बनतो. फाइल साफ करायची म्हणून कोणी न दिसणारी चिन्हं सरसकट उडवली की त्याचं शेतकर्यांचा होऊन बसतं, अन् अर्ध्या मराठवाड्याच्या पानांवर हाच शब्द जास्त. अशी चुकीची पानं मी सोसायटीच्या कर्जाच्या यादीत बघितलीत, वाईट वाटतं.

आमच्या गावात दासोपंतांची पासोडी आहे, चारशे वर्षांपूर्वी कापडावर लिहिलेली, अजून जपून ठेवलीय, अन् आपण कालची यादी एका ओकेत घालवतो. माझी कॉम्प्युटर क्लासवाल्यांना हात जोडून विनंती आहे, पोरांना टायपिंगसोबत एक दिवस फक्त एन्कोडिंग शिकवा, मराठी फाइल मुद्दाम बिघडवून दाखवा, अन् हात लावायच्या आधी फाइलीची कॉपी करून ठेवायची सवय लावा.

वाचनालयाची यादी आम्ही आता जुन्या रजिस्टरवरून परत टाइप करायलोत. अडीचशे पुस्तकं झालीत, पण रजिस्टरच्या ज्या पानांना पाणी लागलंय तिथली देणगीदारांची नावं कुठंच मिळेनात. गावातल्या कोणाकडं त्या वेबपानाची प्रिंट नाहीतर मोबाइलमधे फोटो असला तर कृपा करून वाचनालयात आणून द्यावा.

आपला एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड