रविवारच्या शिदोरीसाठी आमच्या किराणा दुकानदार भाऊंचे जाहीर आभार

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिल्हा परिषद शाळेतून दर शनिवारी मुलांच्या हाती जी शिदोरी दिली जाते, ती आजच्या रूपात उभी राहिली ती आपल्यामुळे. ही गोष्ट गावाबाहेरच्या लोकांनाही कळावी, या हेतूने शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

शालेय पोषण आहार हा २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने आठवीपर्यंतच्या मुलांचा हक्क ठरला आहे. परंतु त्याच कलमात शाळेच्या सुट्ट्यांचे दिवस वगळलेले आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेतल्या एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण आहे. सुट्टीच्या दिवशी तेवढे घरी मिळेल, असे त्यात धरून चाललेले असते. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या गावात तसे घडत नाही. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते, त्यामुळे आई आणि वडील दोघेही उजाडताच वावरात जातात, रविवारीही जातात, आणि अंधार पडल्यावर परततात. मोठे मूल धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर घरी थांबते किंवा त्यांच्यामागोमाग जाऊन धुऱ्यावर बसते. सोमवारी खिचडी पुरत नाही, मुले पुन्हापुन्हा ताट पुढे करतात, हे आमच्या स्वयंपाकी मावशी सातत्याने सांगत होत्या.

या विषयावर समितीची सभा झाली, तेव्हा प्रत्येक मुलाला तांदूळ आणि डाळ द्यावी, अशी सूचना आली होती. आपण त्या सभेला पालक म्हणून नव्हे, तर भाव सांगण्यासाठी आला होतात. सूचना ऐकून आपण एवढेच विचारले, ‘‘रविवारी दुपारी चूल कोण पेटवणार?’’ पुढे आपण जे सांगितले, ते गावातल्या प्रत्येक घराची उधारी ज्याच्या वहीत आहे, अशाच माणसाला सांगता आले असते. प्राधान्य कुटुंबाला रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, त्यामुळे तांदूळ आणि गहू बहुतेक घरांत असतात. महिनाअखेरीस घरात नसते ती डाळ, तेल आणि रांधणाऱ्या बाईच्या अंगातली शक्ती. म्हणून शिदोरीत न शिजवता खाता येईल आणि अंगाला लागेल असेच काही असले पाहिजे, हा आपला आग्रह होता आणि तो आम्ही तंतोतंत मानला.

आज त्या पिशवीत गहू आणि चणे भाजून दळलेले सातूचे पीठ, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ असतो. सातूचे पीठ गुळाच्या पाण्यात कालवून सात वर्षांचे मूलही स्वतः खाऊ शकते आणि धाकट्याला भरवू शकते. शंभर ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, हे मी वर्गात शिकवत आले होते. परंतु ते फुटाणे अकोल्याच्या बाजारातून योग्य भावात आणणे, पावसाळ्यात गूळ पाझरतो म्हणून तो वेगळ्या कागदात बांधणे, शेंगदाणे महिन्याचे एकदम न भाजता दर आठवड्याला भाजून घेणे, कारण खवट दाणा मूल थुंकून टाकते आणि बुरशी लागलेला दाणा तर पोटात जाताच कामा नये, हे सारे आपल्याकडून शिकावे लागले. दर शुक्रवारी संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर सूप घेऊन दाणे निवडत बसलेले आपण गावाने पाहिले आहे. शाळेत शिजलेल्या अन्नाची चव वाटपापूर्वी शिक्षक घेतात, तोच नियम शिदोरीलाही लावावा, ही सूचनाही आपलीच होती.

एका गोष्टीसाठी मी आपली विशेष ऋणी आहे. गरजू मुलांची यादी करून तेवढ्यांनाच शिदोरी द्यावी, म्हणजे खर्च आवाक्यात राहील, असे काहींचे म्हणणे होते. कोणाच्या घरी काय कमी आहे हे आपल्याइतके कोणालाच ठाऊक नाही, आणि तरीही आपण अशी यादी देण्यास स्पष्ट नकार दिला. सरपंचांच्या घरचे मूलही पिशवी नेईल तेव्हाच मजुराचे मूल मान वर करून ती नेईल, हे आपले म्हणणे समितीने मान्य केले. वाढलेल्या खर्चाचा प्रश्न आपण माल खरेदीच्याच भावात देऊन बराचसा सोडवला. उरलेली रक्कम गावातील शेतकऱ्यांनी सुगीला दिलेल्या चण्यातून आणि गव्हातून भरून निघते. पिशव्या महिला बचत गटाच्या ताईंनी जुन्या कापडातून शिवल्या आहेत आणि त्या दर सोमवारी धुऊन परत येतात.

आपण वेगळे वजन करून दिलेल्या मूठभर जादा दाण्यांविषयीही लिहायला हवे. अंगणवाडीत जाणारे धाकटे भावंड ज्या घरी आहे, तेथे शाळेतल्या मुलाचा वाटा अर्धा होणारच, असे आपण म्हणालात आणि कोणतीही चौकशी न करता सर्वच पिशव्यांचे माप वाढवलेत. त्या वाढीव मापाचे पैसे आपण आजवर हिशेबात धरलेले नाहीत. ते धरावेत, अशी समितीची विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे शिदोरीचा हिशेब ठेवायचा आहे आणि त्यात आपला वाटा नोंदलेला असावा, असे आम्हा सर्वांना वाटते.

दिवाळीच्या सुट्टीतली सोय मात्र अजून आम्हाला लावता आलेली नाही. ही सुट्टी नेमकी वेचणीच्या ऐन दिवसांत येते आणि आठवड्याची पिशवी तिला पुरणार नाही. इतके दिवस पीठ चांगले कसे राहील आणि वाटप शाळा बंद असताना कोठून करावे, हे ठरवण्यासाठी समिती पोळ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी बसणार आहे. त्या दिवशी दुपारी दुकान थोडा वेळ मुलाकडे सोपवून आपण यावे.

आपली कृतज्ञ,
मुख्याध्यापिका
शाळा व्यवस्थापन समितीच्या वतीने