मत मागवलंत, आता उत्तरही द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

नव्या विकास आराखड्यांसाठी शासनाकडून समाजमाध्यमांवरून लोकांची मते मागवली जाणार आणि अधिकाऱ्यांची पथके वस्त्यावस्त्यांत जाऊन नागरिकांशी बोलणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली आणि मनापासून आनंद झाला. नगररचनेच्या कामात माझी ३१ वर्षे गेली. नकाशे काढले, सर्वेक्षणे केली, हरकती-सूचनांच्या सुनावण्यांना टिपणे घेत बसले. म्हणून या आनंदासोबत एक काळजीही आहे, आणि तिच्यासाठीच हे पत्र.

आमच्या काळात लोकसहभाग म्हणजे काय असे? वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत नोटीस यायची. प्रारूप आराखडा कचेरीच्या भिंतीवर लागायचा, तोही कामाच्या वेळेत पाहायचा. रोजावर काम करणारा माणूस एक दिवसाची मजुरी बुडवून तो नकाशा पाहायला येईल, आला तरी रंगांच्या आणि सांकेतिक खुणांच्या त्या जंजाळातून आपले घर शोधेल, आणि मग मुदतीत लेखी हरकत देईल, अशी आमची अपेक्षा. यायचे ते बहुतेक वकील, जमीनमालक आणि बांधकाम व्यावसायिक. त्यांचे येणे गैर नव्हते. पण बाकीचे आले नाहीत याचा अर्थ ‘बाकीच्यांची हरकत नाही’ असा आम्ही लावत होतो, हे मात्र गैरच होते. त्यामुळे आता शासन स्वतः चालत लोकांकडे जाणार असेल, तर ते मोठे पाऊल आहे यात शंका नाही.

माझी काळजी पुढची आहे. लोकांना विचारणे हा या कामाचा सोपा भाग. ज्याने सांगितले त्याच्याकडे परत जाऊन ‘तुमच्या म्हणण्याचे हे झाले’ असे सांगणे हा अवघड भाग, आणि तोच नेमका राहून जातो.

एक प्रसंग सांगते. एका वस्तीतून जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम होते. सभा घेतली. पुढच्या रांगेत बसलेले चार-पाच जण बोलले, बायका मागे गप्प बसून होत्या. सभा संपल्यावर त्यांच्यातल्या एका आजींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘बाई, कागद राहू द्या, जरा चला माझ्याबरोबर.’ नकाशात आम्ही रस्ता ओलांडायची जागा चौकात दाखवली होती. आजींनी मला चौकाच्या बऱ्याच अलीकडे नेले. शाळेची मुले तिथून रस्ता ओलांडत होती, कारण चौकापर्यंतच्या वाटेत पावसाळाभर गुडघाभर पाणी साचत असे. आमच्या सर्वेक्षणात ते पाणी आलेच नव्हते, कारण सर्वेक्षण झाले होते उन्हाळ्यात. मी सगळे वहीत उतरवून घेतले आणि कचेरीत येऊन टिपण सादर केले. त्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा आला आणि फाईल पुढे गेली. ओलांडायची जागा चौकातच झाली. काही वर्षांनी त्या वस्तीत पुन्हा जाणे झाले. आजी भेटल्या. रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, ‘तुम्ही तेव्हा लिहून घेतलं होतं ना?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. सूचना का मानली गेली नाही, हे मलाही कुणी सांगितले नव्हते. त्यानंतर तिथे जी सभा झाली, तिला फारसे कुणी आले नाही. त्यांना उदासीन म्हणायचा अधिकार आम्हाला आहे, असे मला वाटत नाही.

अमेरिकेत शासनाच्या गृहनिर्माण आणि नगरविकास खात्यात काम केलेल्या शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांची दिशाभूल, वर लोकांच्या हाती प्रत्यक्ष निर्णय. माहिती देणे आणि मते मागवणे या पायऱ्या त्यांनी मधल्या, नाममात्र सहभागाच्या टप्प्यात ठेवल्या, कारण तिथे लोक बोलतात, पण त्यांच्या बोलण्याचा विचार होईलच याची हमी नसते. पन्नासहून अधिक वर्षे झाली. आज साधने बदलली आहेत. पण समाजमाध्यमावर मत मागवले म्हणून पायरी बदलत नाही.

समाजमाध्यमांना मी नावे ठेवत नाही. दुपारी कचेरीत येऊ न शकणारी नोकरदार आई रात्री मुले झोपल्यावर फोनवरून दोन ओळी आणि एक फोटो पाठवू शकते, ही मोलाची सोय आहे. मात्र फोन जिथे आहेत तिथलेच खड्डे दिसतात, हेही ध्यानात ठेवायला हवे. बोस्टन शहरात ‘स्ट्रीट बम्प’ नावाचे ॲप काढले होते. गाडीला बसलेला हादरा फोन आपोआप टिपायचा आणि खड्ड्याची नोंद व्हायची. कल्पना सुंदर. पण गरीब आणि वयस्कर लोकांकडे स्मार्टफोन कमी, म्हणजे त्यांच्या भागातल्या खड्ड्यांची नोंदही कमी, आणि दुरुस्ती पुन्हा सुखवस्तू भागातच, असा धोका होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी तो वेळेत ओळखला आणि ॲप आधी रस्ते तपासनिसांच्या हाती दिले, कारण त्यांना शहराचा प्रत्येक भाग फिरावाच लागतो. ही दृष्टी मला फार महत्त्वाची वाटते. आलेल्या मतांचा ढीग पाहून खूश होण्याआधी, कोणत्या भागातून एकही मत आले नाही हे नकाशावर रंगवून पाहावे. पथकांनी आधी तिथे जावे.

दुसरा प्रश्न भांडणांचा. समाजमाध्यमावर सूचना मागवली की दहाव्या प्रतिक्रियेला मूळ विषय हरवतो आणि आवाज चढतो. त्यावर ‘लोकच असे आहेत’ म्हणून हात झटकायचे कारण नाही, कारण बराच दोष मांडणीचा असतो. आइसलँडच्या रेक्याविक शहरात २०१० पासून सुरू असलेल्या ऑनलाइन व्यासपीठावर प्रत्येक कल्पनेखाली बाजूने आणि विरोधात असे दोन वेगळे रकाने असतात. समोरच्याला थेट प्रत्युत्तर देण्याऐवजी आपल्या रकान्यात मुद्दाच मांडावा लागतो. तैवानमध्ये २०१५ साली टॅक्सीसेवेच्या नियमांवरून उबर आणि टॅक्सीचालक समोरासमोर उभे राहिले, तेव्हा लोकांची मते ‘पोलिस’ नावाच्या संगणक प्रणालीवर घेतली. नावावरून गैरसमज नको, खाकी वर्दीशी तिचा संबंध नाही. तिथे एकेका विधानावर सहमत, असहमत किंवा पुढे जा एवढेच करता येते. उत्तर देण्याची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. परस्परविरोधी गटांनाही जी विधाने मान्य आहेत ती त्यामुळे वर येतात आणि चर्चा तिथून पुढे सरकते. आपल्याकडे मात्र एक पोस्ट टाकायची, खाली हजार प्रतिक्रिया जमू द्यायच्या आणि त्यांनाच जनमत म्हणायचे, असे होऊ नये. ते जनमत नाही आणि नियोजनकाराला त्याचा उपयोगही नाही.

वस्तीभेटींबद्दल मला जरा जास्त लिहायचे आहे, कारण माझा जीव त्यातच आहे. विकास अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ साली, बाहेरून गावे पाहायला येणाऱ्यांना काय काय दिसत नाही ते दाखवून दिले. पाहुणे डांबरी रस्त्यालगतच्या वस्त्या पाहतात. येतात ते कोरड्या ऋतूत. भेटतात पुढाऱ्यांना आणि पुरुषांना. योजनेचा लाभ मिळालेले भेटतात, न मिळालेले भेटत नाहीत. हे वाचले तेव्हा आमच्याच दौऱ्यांचे वर्णन वाचते आहे असे वाटले. म्हणून भेट म्हणजे गाडीतून उतरून हारतुरे आणि सभा नव्हे. एकदा पावसात जावे, एकदा रात्री जावे. बायकांशी वेगळे बोलावे. चाकाच्या खुर्चीतून किंवा काठी टेकत हिंडणाऱ्या माणसाबरोबर त्याच्या वेगाने चालावे. नकाशा टेबलावर पसरून आपण बोलत सुटण्याऐवजी पेन्सिल त्यांच्या हाती द्यावी. लोकांना नकाशा कळत नाही हा कचेरीतला समज आहे. नैरोबीतली किबेरा ही प्रचंड दाट वस्ती अधिकृत नकाशांवर जवळपास कोरीच होती. २००९ मध्ये तिथल्याच तरुण मुलामुलींनी हातात जीपीएस यंत्रे घेऊन गल्ल्या, नळ, दवाखाने, शाळा टिपल्या आणि इंटरनेटवरच्या, कुणालाही वापरता येणाऱ्या खुल्या नकाशावर चढवल्या.

सभा घ्यायचीच असेल तर ती कशी घ्यावी, हे केरळने १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत दाखवले. ग्रामसभेत प्रास्ताविक झाले की लोक विषयवार छोट्या गटांत बसत, म्हणजे माइकपुढे उभे राहायला बिचकणाराही बोले. शिवाय राज्याच्या योजना निधीपैकी ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे दिला होता, त्यामुळे बोलण्याला वजन होते. पैसा कुठेच हलणार नसेल तर माणूस किती वेळा बोलेल?

विचारण्याची वेळ हाही मुद्दा आहे, थोडक्यात सांगते. पर्यावरणविषयक निर्णयांतील लोकसहभागाबाबत १९९८ साली डेन्मार्कमधील आरहूस शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला. सर्व पर्याय खुले असतानाच लोकांना सामील करून घ्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आराखड्यावरची शाई वाळल्यानंतर विचारणे म्हणजे विचारणे नव्हे. निर्णय कारणांसह जाहीर करावा, असेही तोच करार सांगतो, आणि माझे सगळे म्हणणे तिथेच येऊन पोहोचते.

ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोक स्वतः अर्थसंकल्पाचे अग्रक्रम ठरवू लागले. त्या प्रयोगाचे कौतुक जगभर झाले, पण त्यातली एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. वर्षातल्या सभांची पहिली फेरी नव्या मागण्यांनी सुरू होत नसे. गेल्या वर्षी काय ठरले होते आणि त्यातले काय झाले, याचा हिशेब प्रशासन आधी लोकांपुढे मांडत असे. लोक पुन्हा पुन्हा का येत राहिले, याचे उत्तर मला त्यात दिसते. त्या शहरात १९८८ मध्ये ७५ टक्के घरांना पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या होत्या, त्या १९९७ पर्यंत ९८ टक्क्यांवर गेल्या. पुढे राजकीय पाठबळ ओसरले आणि २०१७ मध्ये ती प्रक्रिया स्थगित झाली, हेही नमूद करायला हवे. आइसलँडचे उदाहरण तर जिव्हारी लागणारे आहे. २०११ मध्ये तिथे २५ नागरिकांच्या परिषदेने नव्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला, तो टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुला ठेवला, फेसबुकवरून सूचना घेतल्या. २०१२ च्या सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो नव्या घटनेचा आधार मानायला कौल दिला. संसदेने तो मंजूर केलाच नाही. एवढ्या लोकांनी एवढ्या निष्ठेने केलेले काम असे अधांतरी सोडणे मला अन्याय वाटतो.

म्हणून माझी मागणी अशी. सूचना समाजमाध्यमावरून येवो, वस्तीत तोंडी मिळो, तिला क्रमांक द्या. आराखडा अंतिम होताना प्रत्येक क्रमांकापुढे लिहा: मान्य, अंशतः मान्य, अमान्य. आणि कारण लिहा, साध्या मराठीत. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे कारण नव्हे. तिथे जलवाहिनी आहे, खाली खडक आहे, पैसे नाहीत, असे सांगा. हजारो सूचनांना उत्तरे द्यायला मनुष्यबळ कुठे आहे, असे माझे सहकारी विचारतील. हजारांत वेगळे मुद्दे शंभर-दीडशेच असतात, हा माझा अनुभव आहे. आम्ही ते हाताने वेगळे करायचो, आता संगणक आहे. नकाराने लोक चिडतात ही भीतीही मला पटत नाही. बाग मागणाऱ्या एका गृहस्थांना मी जागेवर नेऊन, खालून गेलेली मोठी वाहिनी दाखवली होती. ते म्हणाले, ‘एवढंच होतं, तर आधी कुणी सांगितलं का नाही?’ आणि दुसरी जागा त्यांनीच सुचवली.

एक विनंती आपल्यालाही आहे. पथके वस्त्यांत जातील तेव्हा आपले वार्ताहर जातीलच, छायाचित्रेही छापून येतील. कृपया त्या वेळी लोकांनी काय सांगितले याची यादी जपून ठेवा. आराखडा मंजूर झाल्यावर वार्ताहराला त्याच वस्त्यांत, शक्य तर त्याच माणसांकडे पुन्हा पाठवा, आणि त्यांना उत्तर मिळाले की नाही ते छापा.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त नगररचनाकार