व्हिसाची खिडकी नेमकी कोणाची?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी व्हिसा कार्यालय म्हणजे त्या देशाची भूमीच, असे बातम्यांत सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. जमीन यजमान देशाचीच राहते आणि तिथला कायदा पाळायचे बंधनही सुटत नाही. मिळतात ती फक्त ठरावीक संरक्षणे, आणि ती कोणती हे कार्यालयाच्या दर्जावर ठरते.

व्हिसा विभाग दूतावासाच्या आवारात असेल तर देशादेशांतल्या राजनैतिक संबंधांवरचा १९६१ चा व्हिएन्ना करार लागू होतो. तिथे दूतावासाच्या प्रमुखाच्या संमतीशिवाय यजमान देशाच्या कोणत्याही अधिकाऱ्याला आत पाऊल टाकता येत नाही. स्वतंत्र वाणिज्य दूतावास असेल तर अशा दूतावासांसाठीचा १९६३ चा व्हिएन्ना करार. त्यात संरक्षण आहे, पण केवळ कामकाजासाठीच वापरल्या जाणाऱ्या भागाला. शिवाय आग लागली तर संमती गृहीत धरून अग्निशमन दल आत जाऊ शकते. कर्मचाऱ्यांना खटल्यापासून मिळणारी सूटही कामापुरतीच. वाहनाने कोणाला धडक दिली तर नुकसानभरपाईच्या दाव्यात ती ढाल चालत नाही.

वाटाघाटींची खरी वेळ दार उघडण्याआधीची असते. १९६३ च्या कराराच्या कलम ४ नुसार यजमानाच्या संमतीविना कार्यालय थाटता येत नाही; मुख्य ठिकाणाबाहेर शाखा उघडायची तरी आधी स्पष्ट संमती लागते. एकदा पाटी लागली की व्हिसा शुल्कावरची करमाफी वगैरे करारानेच पदरात पडते, मग घासाघीस कसली करणार?

माझा मुद्दा मात्र तिसऱ्या प्रकाराचा आहे. आज बहुतेक अर्जदार अधिकाऱ्यासमोर जातच नाहीत, ते जातात दूतावासाने अर्ज स्वीकारायला नेमलेल्या खासगी कंत्राटदाराच्या खिडकीवर. युरोपीय संघाच्या २००९ च्या व्हिसा संहितेने अशा कंत्राटदाराला निर्णय घेण्यास मनाई केली आहे. पण पासपोर्ट आणि बोटांचे ठसे त्याच्याच हातातून जातात! दूतावासाची कागदपत्रे कुठेही असली तरी यजमान देशाला त्यांना हात लावता येत नाही. खासगी कपाटातल्या अर्जांचे काय, यावर दोन्ही करारांत थेट काही नाही. १९६३ मध्ये असा धंदा कोणाच्या ध्यानीमनीही नसावा.

तेव्हा यजमान सरकारांनी कंत्राटदाराला करमाफी किंवा जागेचे संरक्षण मुळीच देऊ नये. कागदपत्रांबाबत मात्र लेखी कलम आग्रहाने मागावे. निदान पासपोर्ट गहाळ झाला तर अर्जदाराने दाद कोणाकडे मागायची, एवढी एक ओळ तरी त्यात हवी.

आपला,
एक वाचक