घराघरांतल्या दप्तरांना वाली द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : खासगी घराण्यांतील पत्रव्यवहार आणि व्यापारी वह्यांच्या जतनासाठी राज्याची स्वतंत्र योजना असावी याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पानिपतावर काय घडले याचा सुगावा नानासाहेब पेशव्यांना लागला तो एका सावकारी पत्रातून. १७६१ च्या जानेवारीत उत्तरेकडून दक्षिणेत निघालेले ते पत्र पेशव्यांच्या छावणीत फोडून वाचले गेले. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा त्यातला आशय. हुंडीच्या धंद्यातल्या माणसाने आपल्या पेढीला सराफी भाषेत दिलेली ती खबर होती. मराठ्यांच्या इतिहासातला हा सर्वांत माहितीचा मजकूर एका व्यापाऱ्याच्या कामकाजी पत्रातला आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

तसेच एखादे पत्र आज कुणाच्या माळ्यावर निघाले, तर ते सांभाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची? कायदे आणि योजना वाचून पाहिल्या, तर उत्तर मिळते : कोणाचीच नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ सरकारी कार्यालयांच्या कागदांपुरता आहे. केंद्राने २००३ मध्ये पांडुलिपी मिशन सुरू केले, पण त्याच्या व्याख्येत हस्तलिखित म्हणजे ज्ञानविषयक मजकूर असलेली पोथी. फर्माने, महसुली कागद यांसारखे ऐतिहासिक अभिलेख त्या व्याख्येने मुद्दाम वेगळे काढले. १९७२ चा पुरावस्तू कायदा पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, महत्त्वाच्या कागदांना देशाबाहेर जाण्यापासून अडवतो. पण ते घरातच कुजत असतील तर त्या कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही. घरची ज्ञानेश्वरीची पोथी योजनेत बसते. तिच्याच शेजारी त्याच कापडात बांधलेली आजोबांची पत्रे आणि दुकानाच्या वह्या कशातच बसत नाहीत. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच आहे.

या कागदांत असते तरी काय, हे थोडे सविस्तर सांगतो. जुनी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडली की वर ‘श्री’, खाली तिथी, आणि कागदाला उभ्या घड्या घालून पाडलेले रकाने. रेघ मारलेली नसते, घडीच रेघेचे काम करते. शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण पुष्कळदा अजून घडीत अडकलेले सापडतात. नोंदी अगदी साध्या : तेल, जोंधळे, बैलाची पेंड, जासुदाची बिदागी, ब्राह्मणभोजन, कुणाला किती व्याजाने दिले, कुणाकडून किती आले. एका पानावरून काहीच कळत नाही. पण वीस वर्षांच्या वह्या सलग मिळाल्या, तर दुष्काळात धान्य कसे चढले, कर्ज कोणत्या महिन्यात निघाले, मजुरी किती वाढली, घरातल्या बाईच्या नावाने वेगळा जमाखर्च होता की नाही, असे सगळे दिसू लागते. ना. गो. चापेकरांनी पेशवाईतले भाव आणि मजुरीचे दर वेचले ते अशाच खासगी जमाखर्चांतून. कोणत्याही बखरकाराला ही माहिती लिहून ठेवावीशी वाटली नव्हती.

पत्रांचेही तसेच. ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ इथवर सगळी पत्रे सारखी. खरे पत्र त्यानंतर सुरू होते. मुलीला सासरी त्रास आहे, धाकटा भाऊ वाटणी मागतो, कूळ पळून गेले, गावात पटकी आली. घराबाहेरच्या इतिहासात ज्यांचे नाव कुठेच येत नाही अशा बायका, नोकर, कुळे या ओळींतून भेटतात. आणि ही केवळ सरदार-इनामदारांच्या वाड्यांची गोष्ट नाही. गिरणगावातून कोकणात गेलेल्या मनिऑर्डरींची कुपने, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर गेलेल्या मराठा पलटणीतल्या जवानांच्या घरची पत्रे, गावच्या वाण्याची उधारीची वही, हेही तितक्याच मोलाचे कागद आहेत. उलट तेच आधी नाहीसे होतात, कारण ते जपून ठेवण्याजोगे आहेत असे त्या घरांना कुणी कधी सांगितलेलेच नसते.

महाराष्ट्राचा इतिहास लिहिला गेला तो मुळात घरोघरच्या दप्तरांवर. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढत गेले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून पटवर्धनांची दप्तरे पिंजून काढली. इतिहास-संग्राहक द. ब. पारसनिसांनी साताऱ्यात जमवलेला संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली उभे राहिले ते याच कामासाठी. सरकारी पेशवे दप्तर मात्र अभ्यासकांना फार उशिरा खुले झाले; इतिहासकार गो. स. सरदेसायांनी त्यातून ४५ खंडांची निवड काढली ती १९३० नंतर. म्हणजे सरकारच्या आधी काही वेड्या ध्येयाच्या माणसांनी हे काम स्वतःच्या पायांवर पेलले. आज त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या संस्था देणग्यांवर आणि तुटपुंज्या अनुदानावर चालतात. नवे दप्तर कोणी आणून दिले, तर ते ठेवायला कोरडी खोली आणि याद्या करायला माणूस कुठून आणायचा, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न असतो.

लोक कागद देत नाहीत, अशी तक्रार कानावर येते. ती खरी आहे, पण त्यामागची भीती समजून घ्यायला हवी. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले. इनाम सिद्ध करायचे तर कागद दाखवा, असे घराण्यांना सांगण्यात आले. पुष्कळांची इनामे गेली, आणि कागद सरकारदरबारी जमा झाले ते झालेच. पुढे कूळकायदा आला, वाटण्यांचे दावे आले. ‘कागद बाहेर गेला की जमीन गेली’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे. जोडीला घरगुती लाज : दत्तकाचा वाद, एखाद्या सुनेचे हाल, बुडवलेले कर्ज. हे सगळे जगासमोर यावे असे कुणाला वाटेल? या भीतीला उत्तर दिल्याशिवाय कोणतीही योजना चालणार नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

आणि वेळ फारसा हाती नाही. अठराव्या शतकातला हातकागद चिवट असतो, आणि काजळाची शाई उन्हाने फिकी पडत नाही. ती पाण्याने मात्र फिसकटते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडाले, २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड. नदीकाठच्या जुन्या घरांत पाणी शिरते तेव्हा माणसे आधी जीव वाचवतात, मग धान्य. कागदाची पाळी येतच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढचे कागद तर पाण्याविनाही मरत आहेत. त्या काळचा गिरणीचा कागद आम्लामुळे पिवळा पडतो आणि हात लावताच मोडतो. पेशव्यांच्या काळचे पत्र धडधाकट आणि पणजोबांची १९२० ची वही मात्र चुरा होण्याच्या बेतात, असे एकाच कपाटात पाहायला मिळते. त्यात प्रेमापोटी कोणी चिकटपट्टी लावतो, कोणी प्लास्टिकचे लॅमिनेशन करून घेतो. तो कागद मग सहसा परत हाती लागत नाही.

वाडे पाडून इमारती उभ्या राहताना दप्तरे रद्दीत जातात हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याहून वाईट प्रकार म्हणजे सुटी विक्री. शिक्का असलेला, संस्थानी स्टॅम्प असलेला कागद वेगळा काढून विकला जातो आणि उरलेले पुडके टाकून दिले जाते. जुन्या मराठी पत्रावर बहुधा चंद्राची, म्हणजे हिजरी पद्धतीची, तारीख आणि महिना असतो; साल असतेच असे नाही. ते ठरते पुडक्यातल्या शेजारच्या कागदांवरून. पुडके फुटले की विकलेला कागदही मुका होतो आणि राहिलेलेही.

व्यापारी कागदांबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण त्यांच्याकडे आपले लक्ष सर्वांत कमी गेले आहे. रिझर्व्ह बँकेने १९८१ साली, टाटांनी १९९१ साली आणि गोदरेजांनी २००६ साली मुंबईत स्वतःची अभिलेखागारे उभारली. मोठ्यांनी आपापली सोय केली. लहानांचे काय? कंपनी कायदा हिशेबाची पुस्तके आठ वर्षे ठेवायला सांगतो, त्यापुढे काहीच म्हणत नाही. बंद पडलेल्या गिरणीचे हजेरीपट, छापखान्याच्या ऑर्डर वह्या, आडत्याच्या खतावण्या, जुन्या सहकारी सोसायट्यांची इतिवृत्ते नवव्या वर्षी वखारीत आणि दहाव्या वर्षी भंगारात. इटलीत प्रातो गावच्या दातिनी या व्यापाऱ्याचा १४१० साली मृत्यू झाला. त्याच्या वाड्यात एका जिन्याखाली त्याचे कागद पडून होते, ते १८७० साली सापडले : सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून जास्त हिशेबाच्या वह्या. त्यात नवरा-बायकोची एकमेकांना लिहिलेली पत्रेही आहेत. मध्ययुगीन युरोपचा व्यापार कसा चालत होता, हे जगाला त्या एका घराने सांगितले. पुणे, वाई, पैठण, येवला, अमरावती इथल्या पेढ्यांकडेही सांगण्यासारखे थोडे नव्हते.

आपल्याकडून अपेक्षा काय, ते आता मांडतो.

सर्वांत आधी ‘ठेव करार’ आणा. कागदांची मालकी घराण्याकडेच राहील, अभिलेखागार फक्त सांभाळेल, आणि घराणे म्हणेल तेव्हा परत देईल, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहा. खासगी पत्रे अमुक वर्षे कुणालाही दाखवायची नाहीत, अशी अट घालण्याचा हक्क घराण्याला द्या. अभिलेखागार आपणहून कोणताही कागद महसूल खात्याकडे पाठवणार नाही, हेही त्यात असू द्या. या तीन गोष्टींनी कपाटांची जेवढी कुलपे उघडतील तेवढी सत्कार आणि प्रमाणपत्रांनी उघडणार नाहीत. ज्यांना कागद घराबाहेर काढायचाच नाही त्यांच्याकडे फिरते पथक जावे. ओट्यावर बसून छायाचित्रे घ्यावीत, प्रत घरच्यांना द्यावी, आणि कागद आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत घालून तिथेच ठेवावा. पण छायाचित्राच्या आधी यादी. कोणत्या रुमालात (कापडी गाठोड्यात) कोणते पुडके आणि त्यात कोणता कागद, हा क्रम लिहिल्याशिवाय गाठ सोडायची नाही. संगणकात लाखो प्रतिमा आणि त्यांचा पत्ता कुणालाच नाही, अशी अवस्था होऊ देऊ नका.

हे करायला मोडी वाचणारी माणसे लागतील. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची शोधाशोध झाली. शासनाला ही उणीव तेव्हाच कळली आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते, ही चांगली गोष्ट. पण वर्गात पुष्कळ जण येतात, प्रमाणपत्र घेतात आणि सरावाअभावी वर्षभरात अक्षर विसरतात. मोडी वर्णमालेने येत नाही, रोज कागद वाचून येते. या लोकांना मानधन देऊन दोन वर्षे याद्यांच्या कामाला बसवा. त्यांना जमाखर्चही शिकवा. पत्र वाचणारे थोडे तरी आहेत. खतावणी वाचणारे, आणे-पैच्या खुणा ओळखणारे, तेरीज (गोषवारा) आणि ताळेबंद समजणारे फारच कमी उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक वयस्कर आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि २०२५ च्या जुलैत आपले किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. दोन्ही वेळी मनापासून आनंद झाला. त्या किल्ल्यांवर चुना कुठून आला, गवंड्याला काय मिळाले, शिबंदीचा पगार किती थकला, हे कागदातच आहे. गडाच्या डागडुजीला जशी तरतूद होते तशी कागदालाही व्हावी. ती तुलनेने किती लहान असेल, हे आपले अधिकारी आपल्याला सांगू शकतील.

एकदम राज्यभर नको. एका जिल्ह्यापासून सुरुवात करा. माझ्या मते ती साताऱ्यातून व्हावी : वाई आणि मेणवलीचा परिसर, सातारा शहर, कृष्णाकाठची जुनी गावे. एक पथक, दोन मोडी वाचक, एक कागद-संवर्धक, आणि तालुक्यातल्या वाचनालयात लोकांनी पुडकी दाखवायला आणावीत असा ठरलेला वार. त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, आणि कृष्णाकाठच्या घरांचे सर्वेक्षण जून लागण्याआधी पुरे करावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक मोडी वाचक