कॅनचं वय कोण बघणार?

मा. संपादक,

भोसरी एमआयडीसीत माझे दोन टेम्पो चालतात. गेल्या उन्हाळ्यात एका पार्टीचे ॲसिडचे ३५ लिटरचे बारा कॅन चाकणला निघाले होते. मोशीच्या पुढे गतिरोधकावर गाडी आदळली आणि एक कॅन बुडाच्या कडेला चिरला. हौद्याचा पत्रा फसफसला, शेजारच्या खोक्यांचा पुठ्ठा लगदा झाला. गाडीवरच्या ड्रायव्हर पोराच्या पँटला भोकं पडली. पायावर लगेच पाणी ओतलं म्हणून निभावलं. नुकसान मात्र माझ्या भाड्यातून कापलं, कारण चलनावर 'माल सुस्थितीत मिळाला' ही सही आमच्या पोराची.

रिकामा झाल्यावर तो कॅन उलटा केला. बुडाला घड्याळासारखी गोल खूण होती: कडेने बारा महिने, मधे बाण आणि वर्ष. वर्ष २०१४! धोकादायक मालाच्या वाहतुकीबाबत संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशींत प्लास्टिकच्या ड्रम-कॅनची मुदत सर्वसाधारणपणे पाच वर्षं धरली आहे. हा दुपटीने जास्त फिरला होता. वरून धुतलेला, चकचकीत.

आता केंद्र सरकारच्या २०२२ च्या प्लास्टिक वेष्टनांच्या मार्गदर्शक तत्त्वांनी ४.९ लिटर आणि त्यापुढच्या कडक डब्या-कॅनचा पुनर्वापर २०२५-२६ साठी ७० टक्के ठरवला आहे, २०२८-२९ पासून ८५. नियमाला माझा विरोध नाही. चाकणच्या कारखान्यांत सुट्या भागांचे घडीचे क्रेट वर्षानुवर्षं ये-जा करतात, आम्हीच ते वाहतो. पण त्या क्रेटवर कंपनीचं नाव असतं, तडा गेलेला बाजूला काढायला माणूस असतो. ॲसिडचा कॅन भंगारवाल्याकडून कुणाकडेही जातो. टक्के भरायच्या घाईत असले म्हातारे कॅनही हिशेबात धरले जातील, ही माझी भीती आहे.

चलनावर नग, वजन, गाडी नंबर सगळं असतं. त्यात कॅनच्या वर्षाचा एक रकाना घाला आणि तो कॅनमध्ये ॲसिड भरणाऱ्यानेच लिहावा असं बंधन करा. बूच आणि वॉशर दर फेरीला नवा हवा, हे वेगळं सांगायला नको (सांगावं लागतं, हेही खरं).

ड्रायव्हरने बघून घ्यावं, असं पार्टी म्हणते. ॲसिडने काठोकाठ भरलेला कॅन उलटा करून बूड कसं बघायचं, ते तिनेच एकदा आमच्या पोराला करून दाखवावं.

– एक टेम्पोमालक, भोसरी